सायकलची बेबी सीट, आणि तिच्याआधी घ्यावा लागणारा डबल स्टँड

बेळगावच्या अनगोळसारख्या उपनगरात राहून मुलीला टिळकवाडीतील शाळेत पोहोचवायचे आणि तेथून परस्पर उद्यमबागेत कामावर जायचे, हा सगळा प्रवास सायकलने करता येईल का, असा प्रश्न ज्या पालकांच्या मनात येतो त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. परीक्षण आहे ते मागच्या कॅरिअरवर घट्ट बसणाऱ्या, पाठ, हात आणि पायांच्या खोबणी असलेल्या प्लॅस्टिकच्या बेबी सीटचे. निर्णय आधीच सांगून टाकतो. सीट चांगली आहे आणि तिच्यासाठी मोजलेले पैसे वसूल होतात. मात्र ज्या सायकलीवर ती चढवायची त्या सायकलीला दणकट डबल स्टँड नसेल, तर आधी स्टँड बसवून घ्यावा आणि मगच सीटचा विचार करावा. दुकानदार याविषयी बोलत नाहीत, जाहिरातीत तर स्टँड दिसतही नाही.

ही सीट मी गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ऑनलाइन मागवली. शहरातील सायकलच्या दुकानांत विचारले तेव्हा पुढच्या दांडीवर बसवायची छोटी लोखंडी सीट किंवा कॅरिअरवर बांधायची फोमची गादी, एवढेच दाखवण्यात आले. मागवलेल्या सीटची किंमत एका साध्या नव्या सायकलीच्या आसपास गेली आणि घरात त्यावर चर्चाही झाली. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण याच घडणीच्या सीट निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सर्वांना सारखेच लागू पडते. खरेदी करताना नावापेक्षा सीटवर ईएन १४३४४ हा युरोपीय मानकाचा शिक्का आहे की नाही हे पाहावे. या मानकानुसार मागे बसवायच्या सीटसाठी मुलाच्या वजनाची मर्यादा ९ ते २२ किलो धरलेली असते. सोबतचे माहितीपत्रक बऱ्याच युरोपीय भाषांत आहे. त्यात मराठीही नाही आणि कन्नडही नाही, तेव्हा निदान या एका बाबतीत सीमाभागात कोणावरही अन्याय झालेला नाही. सुदैवाने आकृत्या इतक्या स्पष्ट आहेत की वाचण्याची गरज फारशी पडत नाही.

आता स्टँडविषयी. सायकलवर मूल नेण्यातील धोका म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर भरधाव मोटारी, खड्डे आणि निसरडा रस्ता येतो. ते धोके आहेतच, पण चालती सायकल स्वतःचा तोल बऱ्याच अंशी स्वतः सांभाळते, आणि चालवणाऱ्याचे दोन्ही हात हँडलवर व पूर्ण लक्ष रस्त्यावर असते. याउलट मुलाला सीटमध्ये बसवताना किंवा उतरवताना सायकल उभी असते, पालकाचे दोन्ही हात मुलाच्या पट्ट्यांत गुंतलेले असतात, आणि चार-पाच वर्षांचे मूल नेमके त्याच वेळी शाळेच्या दारात दिसलेल्या मैत्रिणीला हाक मारण्यासाठी एका अंगाला झुकते. सीटचे वजन चारेक किलो, मुलाचे पंधरा-सोळा, आणि हे सगळे जमिनीपासून कमरेच्या उंचीवर. साइड स्टँडवरची सायकल मुळातच डावीकडे कललेली असते. एवढे वजन वरच्या बाजूला चढले की तिला उलटण्यासाठी एक हिसका पुरतो, आणि पट्ट्यांनी बांधलेले मूल सायकलसकट खाली येते. अशा सीटच्या माहितीपत्रकांत उभ्या सायकलवर मुलाला एकटे सोडू नये अशी ताकीद असते, ती उगाच नाही.

म्हणून आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना असतो तो, मागच्या आसाला जोडलेला आणि मागचे चाक जमिनीवरून उचलून धरणारा रुंद पायांचा डबल स्टँड या कामासाठी सर्वांत योग्य, असे माझे मत झाले आहे. मुलाचा भार जवळजवळ त्याच्या डोक्यावरच येतो. पायडलच्या जवळ, मध्यभागी बसणारे दोन पायांचे देखणे स्टँडही मिळतात, पण त्यावर मागे भार आला की सायकल मागे टेकते, पुढचे चाक अधांतरी होते आणि हँडल आपोआप वळून अंगावर येते. जुन्या पद्धतीच्या स्टँडमध्येही एक उणीव आहे: त्याच्या पायांची टोके अरुंद असतात, आणि जून-जुलैत शाळेबाहेरच्या लाल मातीत ती रुततात. उद्यमबागेत राहण्याचा नाही तरी काम करण्याचा फायदा असा, की तेथे फाउंड्री, लेथ आणि वेल्डिंग यांची कमतरता नाही. एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दोन्ही पायांच्या खाली जाड पत्र्याच्या तळहाताएवढ्या पट्ट्या वेल्ड करून घेतल्या आणि त्यांच्या कडा घासून बोथट करून घेतल्या. या कामाला चहाच्या खर्चापेक्षा फार पैसे पडले नाहीत, आणि संपूर्ण व्यवस्थेत सर्वांत उपयोगी पडलेला बदल हाच आहे.

स्टँडवर घेण्याचे आणि स्टँडवरून काढण्याचे तंत्र मात्र शिकून घ्यावे लागते. सायकल रिकामी असतानाच स्टँडवर घ्यावी आणि मूल बसल्यावर दोन्ही हातांनी हँडल धरून हळूच पुढे ढकलावी. मागचे चाक थोडेसे खाली आदळते, त्या क्षणी ब्रेकवर बोटे असलीच पाहिजेत. दप्तर पुढच्या बास्केटमध्ये ठेवले की हँडल एकीकडे वळू लागते. त्यावर पंक्चरवाल्याकडून मागून आणलेल्या जुन्या ट्यूबचे एक कडे पुढच्या ब्रेकच्या मुठीवर चढवून ठेवण्याचा उपाय आहे. ब्रेक दाबलेला राहतो आणि पुढचे चाक पुढे-मागे सरकत नाही. निघताना ते कडे काढून मुठीच्या बुडाशी सरकवून ठेवले की हरवतही नाही.

सायकलीच्या निवडीबाबत पुरुष वाचकांना एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. मागे उंच पाठीची सीट आली की पाय मागून फिरवून सायकलवर बसता येत नाही, आणि पुढे आडवी दांडी असेल तर पाय पुढूनही नेता येत नाही. मूल मागे असताना दांडीवरून पाय उचलण्याची कसरत करणे म्हणजे तोल घालवण्यास आमंत्रण देणे होय. तेव्हा दांडी खाली उतरलेली, म्हणजे सरळ शब्दांत लेडीज सायकलच घ्यावी. आमच्या गल्लीतील एका ज्येष्ठ गृहस्थांनी पहिल्या आठवड्यात ‘काय ओ, वहिनींची सायकल घेऊन निघालासा?’ अशी चौकशी केली. पुढे त्यांनाच गुडघ्याच्या त्रासामुळे दांडीची सायकल चढवेना, तेव्हा हीच कुठे मिळते ते विचारून गेले. लेडीज सायकलचा दुसरा फायदा म्हणजे तिला मागच्या चाकावर साडीसाठी जाळी असते, आणि तिचे महत्त्व पुढे येणारच आहे. शिवाय घरात दोघांनाही तीच सायकल वापरता येते.

सीट बसवण्याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात चालवणाऱ्याच्या बैठकीखालच्या उभ्या नळीला क्लॅम्प बसतो आणि त्यातून निघालेल्या दोन पोलादी दांड्यांवर सीट तोललेली राहते. या दांड्या थोड्या लवचिक असल्यामुळे हंपवरचा धक्का मुलाला कमी जाणवतो. दुसऱ्या प्रकारात सीट थेट कॅरिअरवर आवळली जाते. पहिला प्रकार आपल्या रस्त्यांना अधिक मानवेल, याविषयी मला शंका नाही. परंतु त्याच्या क्लॅम्पला गोल आणि ठरावीक जाडीची, मोकळी नळी लागते, आणि बऱ्याच लेडीज सायकलींत त्या जागी दुसरी नळी येऊन मिळत असल्याने तो बसतच नाही. म्हणून मी कॅरिअरचा प्रकार घेतला. यासाठी कॅरिअर किमान २५ किलो भार पेलणारे, आसाजवळ दोन्ही बाजूंनी पक्के बसवलेले असावे. केवळ बैठकीच्या नळीला अडकवलेले फॅशनेबल कॅरिअर मुळीच चालणार नाही. कॅरिअरवरची सामान दाबणारी स्प्रिंगची चिमटी काढून टाकावी लागते. सीटच्या बाजूला भारमध्याची, म्हणजे सीट आणि मूल यांचे वजन जेथे एकवटते त्या जागेची, एक खूण कोरलेली असते, आणि ती मागच्या आसाच्या फार मागे, म्हणजे १० सेंमीपेक्षा अधिक मागे जाऊ नये असा दंडक आहे. ही खूण मागे गेली तर चढावर पुढचे चाक हलके होते आणि हँडल डगमगू लागते. बसवल्यानंतर पहिल्या काही दिवसांत सगळे नट पुन्हा आवळावेत. खडबडीत रस्त्यावर ते सैल होतातच.

सीटच्या रचनेत मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे पायांची सोय. आपल्याकडे कॅरिअरवर पाय लोंबकळत बसलेल्या मुलाची टाच स्पोकमध्ये जाऊन जखमी होण्याचे प्रकार हाडांच्या डॉक्टरांना चांगले परिचित आहेत. या सीटला दोन्ही बाजूंना खोल खोबणी आहेत, त्यांची उंची मुलाबरोबर वाढवता येते, आणि पावलावरून भोके असलेला रबरी पट्टा येतो. शाळेच्या काळ्या बुटावर तो आवळताना एक बोट आत जाईल इतकी जागा ठेवावी. साडीची जाळी आणि ही खोबणी अशी दोन आवरणे असल्यावर स्पोकची भीती उरत नाही. पण एका जागेकडे कोणाचेच लक्ष जात नाही: चालवणाऱ्याच्या बैठकीखालील स्प्रिंगा. मुलाची बोटे नेमकी त्याच उंचीवर असतात, मुलांना त्या गोल स्प्रिंगांत बोट घालण्याचा मोह होतो, आणि आपण खड्ड्यात आदळलो की त्या मिटतात. स्प्रिंग नसलेली बैठक घ्यावी, नाहीतर त्यावर जाड रेक्झिनचे आवरण शिवून घ्यावे. मी आवरणाचा उपाय केला, आणि ते शिवणाऱ्याने ऐंशी रुपयांत करून दिले.

पट्टे पाच टोकांचे आहेत, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून, दोन्ही बाजूंनी आणि पायांच्या मधून. बकल उघडण्यासाठी एकाच वेळी दोन्हीकडून दाबावे लागते, त्यामुळे मुलीला ते उघडता येत नाही. मलाही थंडीत बोटे आखडली की ते पटकन उघडता येत नाही, ही गोष्ट वेगळी. संध्याकाळी परतताना ती झोपली तर मान पुढे लटकते. काही सीटची पाठ थोडी मागे कलते. माझी कलत नाही, आणि ही या सीटची खरी उणीव आहे.

रस्त्यावरचा अनुभव थोडक्यात सांगता येईल. बेळगाव शहर पुण्या-मुंबईच्या मानाने आटोपशीर असल्याने अंतरे सायकलला झेपतात, आणि वर्षाचे बरेच महिने हवाही साथ देते. तिसऱ्या रेल्वे गेटच्या उड्डाणपुलाचा चढ मात्र एका गिअरच्या सायकलला मुलीसकट जड जातो. मागे सात गिअर असलेली साधी सायकल पुरेशी होते. उभे राहून पायडल मारण्याची सवय सोडून द्यावी लागते, कारण सायकल डावी-उजवी झुलली की मागचे वजन तिला आणखी ओढते. उतरताना ब्रेक लवकर धरावेत. लोखंडी क्रोमच्या रिमा पावसात ओल्या झाल्या की ब्रेकचे रबर त्यांवर नुसते घसरत राहते. ॲल्युमिनियमच्या रिमा किंवा डिस्क ब्रेक यांवर थोडा अधिक खर्च करणे या वापरासाठी आवश्यक समजावे. वाटेतील दुसरे एखादे रेल्वे गेट पडलेले असताना थांबावे लागले तर मात्र बेबी सीटचा एक अनपेक्षित लाभ होतो. मालगाडीचे डबे मोजण्याचे काम मागे चालू राहते, आणि शेजारचे मोटरसायकलस्वार इंजिन बंद करून त्यात सामील होतात. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनावरून नाव पडलेल्या काँग्रेस रोडवर सकाळी वाहनांची गर्दी असते. तेथून जाण्याऐवजी मी शक्यतो हिंदवाडीच्या आतल्या गल्ल्यांनी जातो.

पावसाळा ही या सीटची मोठी परीक्षा आहे. आपल्याकडचा पाऊस एकदा कोसळून थांबणारा नसून जुलैत दिवसचे दिवस झिरपत राहणारा आहे. सीटमधील गादी स्पंजाची असल्यामुळे ती एकदा भिजली की घरात दोरीवर टाकूनही लवकर वाळत नाही, आणि मग तिला कुबट वास येतो. सीट वापरात नसताना तिच्यावर मोठी प्लॅस्टिकची पिशवी उलटी घालणे हा सोपा उपाय आहे. मी तर जूनमध्ये गादी काढूनच ठेवतो आणि त्या जागी रेक्झिनमध्ये शिवलेली पातळ गादी घालतो. पायांच्या खोबणीत पाणी साचते, तेही निघण्याआधी पुसून घ्यावे लागते. मुलीला पूर्ण रेनकोट घालताना पट्टे रेनकोटच्या आत नव्हे तर वरून आवळावेत, म्हणजे सैल राहत नाहीत. आणि आपला स्वतःचा रेनकोट मागे फडफडणारा नसावा, कारण ते सगळे पाणी तिच्या तोंडावर जाते. याच कारणाने पाठीवरची बॅगही चालत नाही. ती मुलाच्या नाकासमोर येते. डबा आणि कागद पुढच्या बास्केटमध्येच गेले पाहिजेत, तेही तीन किलोच्या आत, नाहीतर हँडल जड होते. उन्हाळ्यात त्रास उलटा होतो: कारखान्याच्या आवारात उन्हात उभ्या राहिलेल्या काळ्या सीटचे बकल संध्याकाळी मांडीला चटका देते. त्यावर ओला रुमाल किंवा जुन्या चादरीचा तुकडा टाकून ठेवावा.

दिव्याविषयी एक सूचना. सीट आली की बैठकीखाली लावलेला लाल दिवा पूर्ण झाकला जातो, आणि मागून येणाऱ्याला सायकल दिसत नाही. दिवा कॅरिअरच्या अगदी मागच्या टोकाला, सीटच्या खाली बसवून घ्यावा. सीटच्या पाठीला लाल परावर्तक असतो, पण पावसाळी संध्याकाळी केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

हेल्मेटविषयी आपल्याकडे गोंधळ आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांना मोटरसायकलवर नेताना सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट असावे, आणि वेग ताशी ४० किमीपेक्षा अधिक नसावा, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित होऊन एका वर्षाने लागू झाला. तो मोटार वाहनांसाठी आहे, सायकलसाठी नाही. नियम नसला तरी हेल्मेट घालावेच. लहान मुलांच्या हेल्मेटसाठी ईएन १०८० नावाचे मानक आहे, त्यात पट्टा जोरात ओढला गेल्यास आपोआप सुटतो. मुले हेल्मेटसकट घसरगुंडीकडे धावतात आणि पट्टा कशात तरी अडकतो, हे ध्यानात घेऊन ती योजना आहे. बेबी सीट घेताना तिच्या पाठीच्या वरच्या भागात हेल्मेटसाठी खोलगट जागा आहे ना, एवढे पाहावे. ती नसेल तर हेल्मेट मुलाची मान पुढे ढकलते.

विक्रीनंतरच्या सेवेबाबत समाधान नाही. उन्हाने पायाच्या एका रबरी पट्ट्याला तडा गेला तेव्हा विक्रेत्याला लिहिले. आठवडाभराने आलेल्या उत्तरात संपूर्ण नवी सीट घेण्याचा सल्ला होता. शेवटी शहापूरच्या एका चांभाराने तशाच जाडीच्या रबरातून पट्टा कापून, भोके पाडून दिला, आणि तो मूळच्यापेक्षा चिवट निघाला. खांद्याचे पट्टे आणि बकल यांच्या बाबतीत मात्र अशी दुरुस्ती करू नये; ते खराब झाले तर सीट बदललीच पाहिजे, आणि जिच्यावर एकदा जोराचा आपटा बसला आहे अशी जुनी सीट कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. प्लॅस्टिकमधील बारीक तडा बाहेरून दिसत नाही.

ज्यांचे घर, शाळा आणि काम यांतील अंतर सात-आठ किलोमीटरच्या आत आहे, ज्यांचे मूल तीन ते पाच वर्षांचे आहे आणि ज्यांना लेडीज सायकल चालवण्यात कमीपणा वाटत नाही, त्यांनी ही सीट अवश्य घ्यावी. येळ्ळूर किंवा उचगावसारख्या गावांतून रोज शहरात येणाऱ्यांना मात्र मी आग्रह करणार नाही. मोठ्या वाहनांच्या रस्त्यावर मागे मूल घेऊन एवढे अंतर कापणे मला स्वतःला धाडसाचे वाटते. मूल सहा वर्षांच्या आसपास असेल तर एवढा खर्च करू नये, कारण २२ किलोची मर्यादा लवकरच ओलांडली जाईल. अशा वेळी पाय ठेवण्याच्या पट्ट्या आणि धरायला दांडी असलेली कॅरिअरवरची मोठी गादी घ्यावी, तीही डबल स्टँड आणि साडीची जाळी असलेल्या सायकलवरच.